मास्टर भुजंगचा चोविसावा कागद

"सगळे आणलेत ना?"

जतच्या स्टँडवर मी एस.टी.तून अजून पुरती उतरलेही नव्हते. समोर उभ्या माणसानं ना नमस्कार केला, ना नाव विचारलं. चाळिशी ओलांडलेला, उंच, काटकुळा, गालांवर खुरटी दाढी, खांद्याला खाकी पिशवी. तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या काखेतल्या बॅगेकडे बघत होता.

"तुम्ही दिग्विजय शेवाळे?"

"दिगू म्हणा. सगळे आणलेत का? तेवीसच्या तेवीस?"

"आणलेत."

"चला मग," म्हणून तो वळला आणि चालायलाच लागला. मी पदर खोचून त्याच्यामागे जवळजवळ पळत निघाले. मधेच तो थांबायचा, मी गाठणार एवढ्यात पुन्हा पुढं. रस्त्यात दोघांनी त्याला हाक मारली. "दिगू, कधी आलास रं?" एकानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दुसऱ्याला म्हणाला, "आन् कधी चाललास ते बी इचार." दोघं हसले. दिगूनं मान वळवली नाही.

मी तेव्हा सांगलीत एका शाळेत चित्रकला शिकवत होते. पस्तिशीची होते, आणि मला एक वेड होतं. आमच्या जन्माच्या आसपास 'रानमोर चहा' नावाचा एक चहा आमच्या भागात खपायचा. त्याच्या पाव पौंडाच्या पुड्यात, बाहेरचं वेष्टन आणि आतला चांदीचा कागद यांच्यामध्ये, एक घडी घातलेला रंगीत कागद निघायचा. त्यावर आठ चित्रांची एक गोष्ट. गोष्टीचा नायक मास्टर भुजंग. हा माणूस खराच होता. जत्रांत, थिएटरांत खेळ करायचा. हातापायांत बेड्या घाला, साखळदंड आवळा, पोत्यात शिवा, पेटीत कोंडा, मास्टर भुजंग निसटणार. चहाच्या कंपनीनं त्याच्या करामतींचे असे चोवीस कागद काढले होते आणि पोरं त्यांच्यासाठी आईबापांना दिवसातून चार वेळा चहा प्यायला लावायची म्हणे.

मला पहिला कागद रद्दीच्या दुकानात सापडला. त्यातल्या रेषा बघून मी खुळावले. मग आठ वर्षं कोणाच्या ट्रंकेच्या तळाशी, कोणाच्या देवघरातल्या फळीवर, कोणाच्या जुन्या पोथीत खूण म्हणून घातलेला, असे एकेक मिळवले. माझे यजमान म्हणायचे, "बायका साड्या जमवतात, आमची बायको चहाची वेष्टनं." पण तेवीस झाल्यावर मला धड झोप लागेना. चोविसावा कोणाकडेच नव्हता. ज्या दत्तोबा पेंटरनी ही चित्रं काढली, त्यांनाही मी मिरजेत जाऊन भेटले होते. म्हातारे खाटेवर होते. "सगळी चोवीस एका उन्हाळ्यात काढली बघा," ते म्हणाले. "कंपनीला पावसाळ्याआधी छापून पाहिजे होती." चोविसाव्याचं विचारलं तर त्यांनी तोंड फिरवलं. "तो कंपनीनं बाजारातनं परत नेला. मास्टर गेले ना त्याच वक्ताला. नको तो विषय."

म्हणून मी पेपरात जाहिरात दिली. आणि जतहून एक कार्ड आलं. 'माझ्याकडे चोवीस नंबर आहे. विकायचा नाही. पण तुमचे तेवीस घेऊन आलात तर दाखवतो. भुजंगराव शेवाळे यांचा मुलगा.'

गावाच्या टोकाला पत्र्याचं दोन खोल्यांचं घर होतं. दारात एक म्हातारी सुपात हुलगे निवडत बसली होती. दिगू तिला ओलांडून आत गेला. "आई, पाणी दे यांना," एवढंच म्हणाला. म्हातारीनं वर बघितलं आणि मी चपापले. तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. गळ्यात मंगळसूत्र. मास्टर भुजंग नदीत बुडून गेले हे आमच्याकडे जुन्या लोकांना सगळ्यांना माहीत होतं. मला वाटलं, आई म्हणतो ती कोणी दुसरीच असेल.

"या बसा," ती म्हणाली. "लांबनं आलायसा. हौसाबाई म्हनत्यात मला."

"बाई, उघडा ना!" दिगू आतून ओरडला.

जमिनीवर त्यानं चादर अंथरून ठेवली होती. मी बॅगेतून एकेक कागद काढला, त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि ओळीनं मांडला. मग तो गुडघ्यांवर रांगायला लागला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत मागं. मधेच उठून दारापर्यंत जायचा, विडी पेटवायचा, दोन झुरके घेऊन विझवायचा, परत खाली. हौसाबाई पाण्याचा तांब्या ठेवून गेल्या. चादरीकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

"हा सतरा," तो अचानक म्हणाला. "हा मी कधी बघितलाच नव्हता." सतराव्या कागदात मास्टर भुजंगला समुद्रातल्या एका किल्ल्यात कोंडलेलं होतं. शेवटच्या चित्रात तो किनाऱ्यावरच्या देवळापाशी उभा. "हे मालवण. मालवणच असणार. बघा, तेच राहिलं माझं. बाकी समदीकडं जाऊन आलो. पाचव्यात घाट आहे ना? तो नाशकाचा. तिथं दोन महिने होतो. अकराव्यात तुरुंग आहे, तो विजापूरचा. तिथं बी जाऊन आलो."

"कशासाठी?"

त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "दादांना हुडकायला. दुसरं कशासाठी?"

"पण दादा तर…"

"गेले म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला? बघितलं कुणी?" तो उकिडवा बसला. "मी बघितलं होतं, बाई. सात वर्षांचा होतो. बोरगावचा पूल. श्रावण. नदी अशी तांबडी, दोन्ही काठांवरनं चाललेली. दादांना बेड्या घातल्या, साखळी आवळली, पेटीत घातलं. झाकणाला खिळे. पेटी पुलावरनं ढकलली. माझ्या आज्जीनं मला उचलून धरलं होतं. लोक मोजायला लागले मोठ्यानं. मोजत गेले, मोजत गेले. मग मोजायचे थांबले."

विडी त्याच्या बोटांत नुसतीच होती.

"दुसऱ्या दिवशी पेटी घावली, लांब खाली, बाभळीला अडकलेली. झाकण उघडं! साखळी सुटलेली, बेड्या मोकळ्या. आत कोण नाही. आणि दादा पुढं कुठं घावलेच नाहीत. बुडालेला माणूस चार दिवसांनी तरी वर येतोच का नाही? लोक म्हणाले, तेरावं घाला. आज्जी तयार झाली होती. सगळी रडत होती. आणि कंपनीनं दिलेला चहाचा पुडा होता घरात, आज्जीनं पाव्हण्यांसाठी फोडला. त्यात हे निघालं."

त्यानं खाकी पिशवीतून प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद काढला आणि माझ्यासमोर धरला.

खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मला ना त्याचा बाप दिसला, ना तो. चोविसावा कागद होता. रंग जसेच्या तसे होते. पहिल्या चित्रात पूल आणि माणसं. दुसऱ्यात मिस हंसा, म्हणजे प्रत्येक कागदात मास्टरांना कुलूप घालणारी, दोन वेण्या सोडलेली ती बाई, साखळीला कुलूप लावतेय. मग पेटी, मग पाणी, मासे, बुडबुडे. आणि आठव्या चित्रात मास्टर भुजंग नदीच्या काठावर उभा. केस भिजून कपाळावर आलेले, हात कमरेवर, तोंडभर हसू. शेजारी मिस हंसा ओवाळतेय. खाली ओळ: 'आणि नदीने हार मानली!'

"बघितलंत?" दिगू म्हणाला. "आज्जी ओरडली, वर आलाय माझा भुजंग! कंपनीला बातमी लागली असणार, त्याशिवाय छापतील का? तेरावं रद्द केलं आज्जीनं. आईचं कुंकू पुसू दिलं नाही. मला वाटतं पाण्यात डोक्याला मार बसला असंल. नाव-गाव विसरले असतील. कुठंतरी खेळ करत असतील नायतर बसले असतील देवळात. सत्तरीचे असतील आता."

तो सांगत होता आणि मी ते आठवं चित्र बघत होते. चित्रकलेच्या बाईची सवय, मी कडेचं आधी बघते. नदी निळी होती, संथ. काठावर आंब्याचं झाड होतं आणि त्याला कैऱ्या लोंबत होत्या.

श्रावणात कैऱ्या.

'सगळी चोवीस एका उन्हाळ्यात काढली बघा.' दत्तोबा पेंटरांचा आवाज कानात आला. मी कागद खाली ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही. उन्हातून आले ना."

"पडा जरा. मी मालवणचं बघून येतो. साडेपाचला कोल्हापूरची गाडी आहे, तिथनं पुढं मिळंल." तो उठलाच होता. "सतरा नंबर मला न्यायला द्याल? आणून देतो परत. शपथ."

माझ्या तोंडून हो की नाही निघायच्या आत तो दारातून बाहेर पडला होता.

मी स्वयंपाकघरात गेले. हौसाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी ताकाचा पेला माझ्यापुढं सरकवला. "च्या न्हाई व्हत आमच्यात," त्या म्हणाल्या. "सवय न्हाई." मी ताक प्यायले. त्यांच्या नाकाची धार, जिवणीचा कोपरा. मघाशी बघितलेली ती दोन वेण्यांची बाई माझ्यासमोर बसली होती.

"मिस हंसा," मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. "हौसाचं हंसा त्येनंच केलं. म्हनायचे, हौसा नाव पोस्टरवर शोभत न्हाई." मग चुलीतलं लाकूड मागं ओढून त्यांनी विचारलं, "गेला न्हवं गाडीचं बघाया? ह्या खेपंला कुटं?"

"मालवण."

"टुरिंग टॉकीजवर हुता तवा बरं हुतं. गावोगाव फिरायचं, पन पगार तरी हुता. त्ये बी सोडलं. बायकू पोरास्नी घेऊन सांगोल्याला माहेरी जाऊन बसली. म्हनली, बाप जित्ता असून पोरास्नी बाप न्हाई. काय चुकीचं बोलली? मागल्या बारीला आला तवा ताप अंगात घिऊन आला. म्हैनाभर उठला न्हाई. डाक्टर म्हनला, आता फिरलास तर मरशील. कुनाला सांगायचं?"

त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"तुमास्नी कळलंय," त्या म्हणाल्या. "तुमचं तोंड बघूनच वळिकलं मी."

"दत्तोबा पेंटर भेटले होते मला. त्यांनी सांगितलं की…"

"त्ये काय सांगत्याल? मी हुते की तितं." त्यांनी हाताची मूठ वळून तांब्या धरल्यासारखी केली. "वैशाक हुता. मिरजंत, त्येंच्या खोलीत. पेंटर म्हनला, मास्टर पान्यातनं वर आल्यागत दिसाया पायजे, केस वले करा. मग मीच तांब्यानं पानी वतलं त्येच्या डोस्क्यावर. गार पानी. तो असा शहारला आन् हसाया लागला. त्येच हासू हाय त्यात. पान्यातनं वर आलेलं न्हवं. माझ्यावर हासतूय."

बाहेर कोंबडीचा आवाज आला तरी मी दचकून दाराकडे बघितलं.

"मग इतकी वर्षं…"

"सांगीन म्हनले. आज सांगीन, उद्या सांगीन. आत्याबाई हुत्या तंवर त्येंच्यासाटी गप. एकुलता एक ल्योक त्येंचा. त्या गेल्या, तंवर ह्यो हाताबाहीर गेल्याला." त्यांनी पदरानं हात पुसले. "आन् येवडं सांगितलं तर म्होरचं बी सांगाय लागतंय."

"पुढचं काय?"

"तुमी हाईसा तवर सांगते आज. माझ्या येकटीच्या सांगन्यावर इस्वास बसनार न्हाई त्येचा. म्हनंल, म्हातारीला येड लागलं. तुमी निस्तं बसा."

मला बसायचं नव्हतं. मला माझे कागद गोळा करून पहिली मिळेल ती गाडी पकडायची होती. मी कोण यांची? पण त्यांनी माझं मनगट धरलं होतं, आणि इतक्यात दारात चपला वाजल्या.

"मिळंल म्हणतोय गाडी," दिगू आत येत म्हणाला. त्यानं चोविसावा कागद उचलून पिशवीत टाकला आणि पिशवी खांद्याला लावली. "बाई, तो सतरा देताय ना?"

"दिगू, बस," हौसाबाई म्हणाल्या.

"बसायला वेळ नाही आई."

"गाडी जाऊ दे. बस म्हनते न्हवं."

तो बसला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला, एक पाय हलवत. हौसाबाईंनी त्याला सांगितलं. वैशाख, मिरज, तांब्या, पाणी. जसं मला सांगितलं तसंच, एक शब्द कमी-जास्त नाही. जणू इतकी वर्षं मनात घोकून ठेवलं होतं.

तो आधी हसला. मग माझ्याकडे वळला. "बाई, काय बोलती ही?"

"खरं आहे, दिगूभाऊ," मी म्हणाले. "पेंटरनी मलाही सांगितलं होतं. सगळे कागद उन्हाळ्यात काढले. श्रावणाच्या आधीच छापून झाले होते."

"खोटं."

"झाड बघा शेवटच्या चित्रातलं. कैऱ्या आहेत त्याला."

त्यानं कागद बाहेर काढला. प्लास्टिकमधून ओढून काढला. हजार वेळा बघितलेल्या त्या चित्राकडे तो इतका जवळून बघत होता की त्याचं नाक कागदाला लागत होतं. पाय हलायचा थांबला.

"आज्जी खोटं बोलली?"

"त्येंना काय ठावं? त्येंना खरंच वाटलं."

"आणि तू? तुला माहीत होतं. तू का गप बसलीस?" त्याचा आवाज चढला. "ओट्यावर बसून बघत होतीस मला जाताना! दर बारीला भाकरी बांधून दिलीस!"

"तू जेवत न्हवतास," हौसाबाई म्हणाल्या. "पुलावरचं त्ये झालं तवापासनं अन्नाला शिवला न्हवतास. सुकून काटकी झालतास. त्यो कागद आत्याबाईंनी तुझ्याम्होरं धरला आन् तू जेवलास. दुसऱ्या दिशी बी म्हनलास, कागद दाव, मग जेवतो. मी काय करू? फाडून टाकू?"

"मोठा झाल्यावर सांगायचं!"

"मोटा झालास तवा तू घरात कुटं हुतास?"

तो दाराकडे गेला. मला वाटलं, गेला आता, परत येत नाही. पण उंबऱ्याशी थांबला. आमच्याकडे पाठ करून म्हणाला, "पेटी उघडी होती. मी बघितली माझ्या डोळ्यांनी."

"उगडीच हुती."

"मग?"

"पेटीतनं तो सुटला, दिगू. बेड्या काडल्या, साकळी काडली, खिळ्यांचं झाकन उगाडलं. समदं केलं त्यानं. नदीनं तेवडं सोडलं न्हाई."

पत्रा उन्हानं कडकडत होता.

"एवढा पूर दिसत होता," दिगू म्हणाला. आता आवाज अगदी बारीक झाला होता. "मला पोराला दिसत होता. त्यांना दिसला नाही? ते उतरलेच कशाला? तू का नाही अडवलंस?"

हौसाबाईंनी माझं मनगट परत धरलं. आता मला कळलं, 'म्होरचं' म्हणजे काय होतं ते.

"अडीवलं. सकाळी पाय धरलं त्येचं. म्हनलं, पानी उतरू द्या, दिवाळीला करू. त्यालाबी नगं हुतं. रातभर झोपला न्हवता. मला म्हनला, हौसा, कागद छापून झालाय. च्याचं पुडं दुकानांत गेल्यात. त्यात मी वर आलोय." त्यांनी श्वास घेतला. "म्हनला, आता न्हाई उतरलो तर लोक म्हनतील, ह्येचं समदंच खोटं. तेवीसच्या तेवीस खोटं."

दिगूच्या हातात तोच कागद होता. तापलेलं भांडं उचललं गेल्यावर खाली ठेवावं तसा त्यानं तो चादरीवर ठेवला. पिशवी खांद्यावरून घसरली ती तशीच पडू दिली. मग तो भिंतीकडे तोंड करून जमिनीवर आडवा झाला, गुडघे पोटाशी घेऊन. त्याच्या पाठीवरून काही कळत नव्हतं. रडत होता की नाही, अजूनही सांगता येणार नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. लांब स्टँडच्या बाजूला हॉर्न वाजला. त्याची पाठ एकदा ताठली, मग सैल झाली.

"घेऊन जा तो," तो भिंतीला सांगितल्यासारखा म्हणाला. "तुमचा संच पुरा करा, बाई."

मी वाकले. कागद उचलला. आठ वर्षं ज्याच्यासाठी वणवण केली तो कागद, आणि मालक स्वतः घ्या म्हणतोय.

"बगू जरा," हौसाबाई म्हणाल्या.

मी दिला. त्यांनी तो लांब धरला, मग जवळ घेतला. "आत्याबाईंनी देवात ठिवलेला, मग ह्येच्या पिशवीत. माझ्या हातात कंदी आलाच न्हाई. मी बी मागितला न्हाई. ह्या कागदानंच त्येला बुडीवला म्हनून ह्येचं तोंड बगायचं न्हवतं." आठव्या चित्रावरून त्यांनी अंगठा फिरवला. "बरा काडलाय की. त्येच्यागतच हाय." मग जरा वेळानं, "आमचा दोगांचा फोटू न्हाई बगा कंदी निगाला. पोस्टरवर त्यो येकटाच असायचा."

मी हात पुढं केला नाही. पुढं कधी मागितलाही नाही. माझे यजमान अजून म्हणतात, हातात आलेला सोडून आलीस.

मी माझे तेवीस गोळा करायला लागले तशा त्या म्हणाल्या, "थांबा की. ह्यात बी असंन न्हवं मी?"

"प्रत्येकात आहात, मावशी."

त्या सरकत चादरीपाशी आल्या. मी एकेक कागद त्यांच्यापुढं धरायला लागले. आधी त्या नुसत्या बघत होत्या. मग एका कागदापाशी थांबून तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. कोणा फौजदारानं मास्टर भुजंगला आपल्या कोठडीत डांबलं होतं आणि तो खिडकीतून निसटला होता, तो कागद.

"हे समदं झूट. खिडकीतनं कुटला सुटतोय? किल्ली माझ्याकडं हुती."

"तुमच्याकडे?"

"पानाच्या इड्यात. मी रडत-रडत जायचं, म्हनायचं, फौजदारसाब, धन्याला शेवटचा येक इडा चारू द्या. कोन न्हाई म्हनतोय? चारला की झालं."

भिंतीकडून काहीतरी आवाज आला. आम्ही दोघी थांबलो.

"आणि विडा गिळला तर?" दिगूनं विचारलं. तोंड अजून भिंतीकडेच होतं.

हौसाबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीचा ठेवून त्या म्हणाल्या, "गिळला की येकदा. साताऱ्याला."

तो हळूच या कुशीवर वळला आणि डोक्याखाली हात घेऊन आईकडे बघत म्हणाला, "मग?"